यादीतून वगळलेला जव

मी केंब्रिजच्या दक्षिणेला, ट्रम्पिंग्टनमध्ये राहतो. एकेकाळी हे वेगळं गाव होतं, आता शहराला चिकटलंय. नोकरी सॉफ्टवेअरमधली, घर भाड्याचं, वसाहत नवी कोरी. पहिल्याच महिन्यात एका पार्सलवाल्याला फोनवरून पत्ता समजावताना माझं लक्ष रस्त्यांच्या नावांकडे गेलं. एकाचं नाव कॉन्सॉर्ट अव्हेन्यू. राजघराण्यातल्या कुणाच्या तरी मानाखातर ठेवलं असेल, असं मला वाटलं. शोधलं तर कॉन्सॉर्ट हा गव्हाचा वाण निघाला.

मग शोधतच गेलो. ही वसाहत ज्या जमिनीवर उभी आहे, तिथं पूर्वी प्रयोगाची शेतं होती. १९१२ मध्ये स्थापन झालेली प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूट, म्हणजे पिकांचे नवे वाण तयार करणारी सरकारी संस्था, १९५५ मध्ये ट्रम्पिंग्टनला आली. गावात मॅरिस लेन नावाची एक जुनी गल्ली आहे, अजूनही. संस्थेनं आपल्या वाणांना त्या गल्लीचं नाव द्यायला सुरुवात केली. बटाटा मॅरिस पायपर, गहू मॅरिस हंट्समन आणि जव मॅरिस ऑटर. ऑटर म्हणजे पाणमांजर. आपल्याकडे संशोधन केंद्रं वाणाला नंबर देतात, फार तर पुढं 'फुले' लावतात. इथं गल्लीचं नाव आणि प्राण्याचं नाव. मला ही पद्धत आवडली.

बटाटा आणि गहू जाऊ देत. मी त्या पाणमांजरात अडकलो, आणि त्याला कारण होतं अण्णांचा फोन.

आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. काळी जमीन, रब्बीची ज्वारी, आणि ज्वारी म्हणजे मालदांडी. त्या वर्षी धाकट्या भावानं हट्ट धरला होता की आता मालदांडी बंद, फुले वसुधा किंवा फुले रेवती पेरू, उतारा जास्त आहे. अण्णा त्याला काही बोलले नाहीत. मला फोन करून म्हणाले, "तू शिकलेला हाईस. तूच सांग ह्याला. का माझंच चुकतंय?" मी नेहमीसारखं "बघतो" म्हणालो. बघतो म्हणजे काय, तर रात्री लॅपटॉप उघडून नव्या वाणांबद्दल वाचत बसलो आणि दोन तासांनी स्वतःच्या घराखालच्या जमिनीत पोचलो.

जव आपल्याला तसा लांबचा. मुतखडा झाल्यावर डॉक्टर बार्लीचं पाणी प्या म्हणतात, तेवढीच ओळख. सातू म्हणजे खरं तर जवच, पण घरोघरी सातूचं पीठ म्हणून जे असतं त्यात बहुतेकदा गहू आणि डाळंच असतं. इंग्लंडमध्ये मात्र जवाचं मोठं काम बिअरसाठी. बिअर करायची तर आधी जवाचा माल्ट करावा लागतो, आणि माल्ट म्हणजे काय हे मटकीला मोड आणलेल्या कुणालाही कळेल. धान्य भिजवायचं, चार-पाच दिवस मोड येऊ द्यायचे आणि मोड फार वाढायच्या आत भट्टीच्या गरम हवेत वाळवून थांबवायचं. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम तयार होतात, ती पुढे पिठूळ भागाची साखर करतात. हॉर्लिक्सच्या डब्यावर 'माल्टेड' लिहिलेलं असतं ते हेच.

यातली मेख अशी, की सगळ्या दाण्यांना एकाच वेळी मोड आले पाहिजेत. मटकीत चार दाणे दडस राहिले तर आपण उचलून टाकतो. माल्टवाल्याच्या जमिनीवर टनांनी जव पसरलेला असतो. त्यात निम्मे दाणे तिसऱ्या दिवशी आणि निम्मे पाचव्या दिवशी जागे झाले, तर सगळा ढीग वाया. शिवाय दाण्यात प्रथिनं कमी हवीत, कारण ती वाढली की साखरेला जागा उरत नाही आणि बिअर गढूळ होते. म्हणून माल्टवाला नायट्रोजनचं प्रमाण तपासतो आणि १.६-१.७ टक्क्यांच्या वर गेलं की नाक मुरडतो. आणि शेतकऱ्याला उतारा वाढवायचा तर नायट्रोजनचंच खत टाकावं लागतं. दोघांचं भांडण इथूनच सुरू होतं.

इंग्लंडमधला एकोणिसाव्या शतकातला सगळ्यात गाजलेला जव कसा मिळाला, याची एक गोष्ट सांगतात. सफोक परगण्यात डेबेनहॅम नावाचं गाव आहे. तिथला जॉन अँड्र्यूज नावाचा मजूर दिवसभर जवाची मळणी करून घरी आला. पायाला काहीतरी टोचत होतं. बूट काढला तर आत ओंबीचा तुकडा. दाणे टपोरे दिसले म्हणून त्यानं ते परसात लावले. पुढच्या वर्षी घरमालक, म्हणजे रेव्हरंड जॉन शेव्हॅलियर, घराची डागडुजी बघायला आले, त्यांना परसातल्या ओंब्या दिसल्या. त्यांनी बियाणं घेतलं, वाढवलं, १८२० च्या दशकात बाहेर आणलं. पुढं जवळपास शतकभर इंग्लंडची बिअर या जवावर चालली. त्याचं नाव शेव्हॅलियर. बूट कुणाचा होता हे नावावरून कळत नाही.

तोवर नवा वाण म्हणजे कुणाला तरी दिसलेली चांगली ओंबी, एवढंच होतं. मुद्दाम दोन वाणांचं लग्न लावायचं आणि पोरांमधून हवं ते निवडायचं, हे विसाव्या शतकातलं काम. १९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले आणि केंब्रिजमध्ये रोलँड बिफेन यांनी ते गव्हावर लावून पाहिले. गव्हाचा तांबेरा रोखण्याची ताकदसुद्धा मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरते, हे त्यांनी दाखवलं. तेच या संस्थेचे पहिले संचालक. जवाच्या बाजूला वॉर्मिन्स्टर गावात ई. एस. बीव्हन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी प्लमेज आणि आर्चर यांचा संकर करून प्लमेज-आर्चर हा वाण काढला.

इथं एक आडवळण घेतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी याचा पेपर दिलेला असणार. बीव्हनच्या जवाच्या चाचण्यांमध्ये रस घेणारा एक माणूस डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीत नोकरीला होता, विल्यम गॉसेट. दोन वाण शेजारी लावले, एकाचा उतारा थोडा जास्त आला. हा वाणाचा गुण की त्या कोपऱ्यातल्या जमिनीचा? आणि चाचण्या असतात चार-सहा, हजार नव्हे. इतक्या थोड्या आकड्यांवरून किती ठामपणे बोलायचं? त्यानं याचं गणित मांडलं आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं छापलं. स्टॅटिस्टिक्समधली टी-टेस्ट ती हीच. कॉलेजात ती मी रट्टा मारून पास झालो. ती बिअरच्या कंपनीतून आली आहे, हे तेव्हा सरांनी सांगितलं असतं तर निदान एक तास तरी जागा राहिलो असतो.

आता मूळ पाणमांजराकडे.

प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस बेल नावाचे जवाचे ब्रीडर होते. १९४८ पासून १९७१ पर्यंत ते संस्थेचे संचालकही होते. जवाचे दोन प्रकार. उन्हाळी जव मार्चमध्ये पेरतात आणि ऑगस्टमध्ये काढतात. हिवाळी जव सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात, तो बर्फाखाली मुक्काम करतो आणि जुलैतच तयार होतो. आपल्या रब्बीवरून याचा अंदाज करू नका. हिवाळी वाणाला थंडी सोसता येते एवढंच नाही, त्याला थंडी लागतेच. काही आठवडे गारठा मिळाल्याशिवाय तो ओंबीवर येत नाही. मार्चमध्ये पेरला तर नुसता गवतासारखा पसरून बसतो.

शेतकऱ्याला हिवाळी जव सोयीचा. शरदात जमीन कोरडी असताना पेरून मोकळं होता येतं, वसंतातल्या चिखलात ट्रॅक्टर रुतवायला नको, वाढीला जास्त महिने मिळतात, काढणीही गव्हाच्या आधी उरकते. पण माल्टवाल्यांचं मत पक्कं होतं: माल्टचा जव उन्हाळीच, हिवाळी जव जनावरांना. बेल यांनी या मतालाच हात घातला. १९४३ मध्ये त्यांचा पायोनियर आला, माल्टला चालणारा हिवाळी जव. दर्जा होता, पण सगळ्यांनी उचलून धरावा असा तो नव्हता. १९५३ मध्ये आला प्रॉक्टर. डेन्मार्कचा केनिया आणि बीव्हनचा प्लमेज-आर्चर यांचा हा उन्हाळी संकर. काडी आखूड आणि ताठ, खत टाकलं तरी लोळत नाही, कंबाइन हार्वेस्टरखाली छान येतो आणि माल्टही उत्तम. थोड्याच वर्षांत इंग्लंडच्या निम्म्याहून जास्त जवाच्या शेतांत प्रॉक्टर होता.

आणि मग बेल यांनी या दोघांचंच लग्न लावलं. प्रॉक्टरचा दर्जा आणि पायोनियरची थंडी.

लग्न लावलं हे म्हणायला सोपं आहे. हे काम चिमट्यानं करतात. जव स्वतःचं स्वतःच फळतो. ओंबी पानाच्या म्यानातून पुरती बाहेर यायच्या आतच परागकण आपल्याच फुलावर पडून मोकळे होतात. त्यामुळे ब्रीडरला त्याच्या आधी गाठावं लागतं. म्यान सोडवायचं, कोवळी ओंबी हातात धरायची, एकेका फुलाचं टरफल उघडायचं आणि आतले तीनही पुंकेसर हिरवे असतानाच उपटून काढायचे. एक जरी राहिला तरी संकर फसला. मग ओंबीवर कागदाची पिशवी बांधायची. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पिवळे झालेले पुंकेसर आणून आत झटकायचे, परत पिशवी. एका ओंबीतून वीसेक दाणे मिळाले तरी खूप.

ते दाणे पेरले की पहिली पिढी सगळी एकसारखी येते. तिच्याकडे बघून काहीच कळत नाही. खरी जत्रा दुसऱ्या पिढीत. प्रॉक्टर आणि पायोनियर यांच्या गुणांची इतकी सरमिसळ होते, की हजारो रोपांत दोन सारखी सापडणं मुश्कील. कुणी उंच, कुणी बुटकं. कुणाला थंडी हवी, कुणाला नको. शरदात पेरून ठेवलं की पहिली चाळणी हिवाळाच लावतो. १९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडात १७४० नंतरचा सगळ्यात कडक मानतात. असा हिवाळा आला की शेतकरी डोक्याला हात लावतात आणि ब्रीडर वही घेऊन बाहेर पडतो, कारण जे उरलं ते खरोखर तग धरणारं आहे हे फुकटात कळतं.

उरलेल्यातून चांगल्या ओंब्या निवडायच्या. प्रत्येक ओंबीची पुढच्या वर्षी वेगळी ओळ पेरायची. ओळीओळीनं चालत जाऊन बघायचं: कुठली लोळली, कुठल्या पानावर भुरी आली, कुठली एकसारखी दिसते. चांगल्या ओळीतून परत ओंब्या, परत ओळी. स्वतःच फळणारं पीक असल्यानं दर पिढीत सरमिसळ निम्म्यानं कमी होते. दुसऱ्या पिढीत निम्म्या जागा सरमिसळीच्या, तिसरीत पाव, सहाव्या पिढीत तीन टक्क्यांच्या आसपास. तोवर ओळ स्थिरावते. मग माल्टची परीक्षा. तीही मूठभर दाण्यांवर करावी लागते, कारण तेवढेच असतात. मग मोठे प्लॉट, मग वेगवेगळ्या जिल्ह्यांत तीन-तीन वर्षं स्वतंत्र चाचण्या. संकरापासून बाजारापर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात. आमच्या कंपनीत तीन महिन्यांत रिलीज नाही झालं तर मॅनेजरला झोप लागत नाही.

मॅरिस ऑटर १९६५ मध्ये बाहेर आला. त्याच वर्षी बेल रॉयल सोसायटीचे फेलो झाले. माल्टवाल्यांनी तो करून पाहिला आणि हिवाळी जवाबद्दलचं त्यांचं जुनं मत मोडीत निघालं. नायट्रोजन कमी, मोड एकसारखे, आणि बिअर करणारे ज्याला बिस्किटासारखी चव म्हणतात ती चव. १९७० चं दशक त्याचं होतं. १९७१ मध्ये पारंपरिक पद्धतीची पिंपातली एल टिकवण्यासाठी ग्राहकांनी कामरा ही संघटना काढली. अशी एल करणाऱ्या छोट्या-छोट्या कारखान्यांना ऑटरच हवा असायचा.

आणखी एक गोष्ट याच सुमारास घडली होती. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये वाणांचा कायदा आला. नवा वाण काढणाऱ्याला त्यावर हक्क मिळाला आणि बियाण्याच्या विक्रीवर रॉयल्टी. म्हणजे ऑटर हा कमावता मुलगा होता, आणि पैसे सरकारी तिजोरीत जात होते. पुढं त्याच कमाईनं संस्थेचा घात केला.

१९८० च्या दशकात थॅचरबाईंच्या सरकारनं ठरवलं, की बाजाराच्या जवळचं संशोधन बाजारानं करावं. तोट्यातली संस्था कोण विकत घेणार? नफ्यातली विकता येते. १९८७ मध्ये प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटचा वाण काढणारा भाग, बियाणं विकणाऱ्या सरकारी संस्थेसकट, ६ कोटी ६० लाख पौंडांना युनिलिव्हरला विकला. ज्यातून लगेच पैसा सुटत नव्हता तो मूलभूत संशोधनाचा भाग सरकारकडेच राहिला आणि १९९० मध्ये नॉर्विचच्या जॉन इन्स संस्थेत हलवला गेला. १९९८ मध्ये युनिलिव्हरनं आपला भाग मॉन्सँटोला विकला, ५२ कोटी ५० लाख डॉलरना. आकडे मी दोनदा तपासले. २००४ मध्ये मॉन्सँटोनंही गहू आणि जवाचा युरोपातला धंदा एका फ्रेंच कंपनीला विकून टाकला. जमिनीवर घरं झाली. त्यातल्या एकाचं भाडं मी भरतो.

ऑटरचं काय झालं ते आता.

नवा वाण आला की त्याला शिफारस केलेल्या वाणांच्या यादीत जागा मिळते. पण यादी दरवर्षी नवी होते. वरती नवे, जास्त उताऱ्याचे वाण येतात आणि खालचे घसरतात. ऑटरपेक्षा जास्त पिकणारे हिवाळी जव आले, त्यातले काही तर ऑटरच्याच रक्ताचे. शेतकऱ्याला वजनावर पैसे मिळतात, चवीवर नाही. मोठ्या कारखान्यांना लागर बिअरसाठी स्वस्त माल्ट हवा होता. ऑटरचं क्षेत्र आक्रसत गेलं. १९८९ मध्ये त्याला यादीतून वगळलं.

यात कुणी दुष्ट नाही, हे मला मान्य आहे. यादीचं काम जुन्याला निरोप देणं हेच आहे. १९६५ मध्ये ऑटरनंही कुणाला तरी असंच खाली ढकललं होतं.

पण वाण यादीतून जातो तेव्हा नुसतं एक नाव जात नाही. हे मला आधी माहीत नव्हतं, आणि सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त धक्का बसला तो इथं. मला वाटायचं, वाण एकदा तयार झाला की झाला, सॉफ्टवेअरच्या एखाद्या व्हर्जनसारखा. सर्व्हरवर ठेवला की आहे तिथं आहे. तसं नसतं. जव स्वतःच फळतो हे खरं, पण अधूनमधून शेजारचा पराग येतोच. पेरणीयंत्रात आधीच्या पिकाचे दाणे अडकलेले असतात. कंबाइनच्या पोटात, ट्रॉलीत, गोदामात दुसरा जव मिसळतो. गेल्या वर्षी सांडलेलं बी या वर्षी उगवतं. ही भेसळ कुणी काढली नाही तर काही वर्षांनी पोत्यावर मॅरिस ऑटर लिहिलेलं असतं आणि आत अठरापगड कारभार असतो. ऑटरच्या बाबतीत नेमकं हेच होत होतं. माल्टवाले म्हणू लागले, पूर्वीचा ऑटर राहिला नाही. तो राहिला नव्हताच, कारण तो राखणारं कुणी उरलं नव्हतं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला धान्याच्या दोन व्यापाऱ्यांनी हे अंगावर घेतलं. हॅम्पशायरचे रॉबिन अॅपल आणि नॉरफोकची एच. बॅनहॅम ही पेढी. त्यांनी ऑटरचं बियाणं शुद्ध करून घेण्याचा खर्च उचलला. ही पद्धत सगळ्या पिकांना तीच: शेकडो ओंब्या निवडायच्या, प्रत्येकीची वेगळी ओळ, ज्या ओळीत जरा जरी वेगळं दिसलं ती उपटून फेकायची, उरलेल्या ओळी एकत्र करून वाढवायच्या. त्यातून आधी पायाभूत बियाणं, मग प्रमाणित बियाणं. आणि हे एकदा करून भागत नाही, करतच राहावं लागतं. २००२ मध्ये या दोघांनी वाणाचे हक्कच विकत घेतले. आता ऑटर ठरवून पेरला जातो, करार करून, जास्त भावानं. उतारा कमी येतो त्याची भरपाई भावात होते. एकाच वाणाच्या नावानं माल्ट मागून घेण्याची पद्धत छोट्या बिअर कारखान्यांत रुजली, आणि ते नाव बाटलीवरही छापलं जाऊ लागलं. काढणारी संस्था राहिली नाही, तिचं नाव राहिलं नाही, शेतं राहिली नाहीत. पाणमांजर आहे.

मला हे आवडतं आणि खुपतंही. लोकांच्या पैशांतून तयार झालेला वाण दोन व्यापाऱ्यांच्या खिशात गेला, असंही म्हणता येईल. पण ज्या दिवसांत त्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हा ओळी उपटायचे पैसे कुणी दिले, हाही प्रश्न आहे. सरकारी संस्था शाबूत असती तर तिनं यादीबाहेरच्या वाणासाठी ते केलं असतं का? याच्या उलट गोष्टही नॉर्विचमध्येच घडली. विक्रीतून वाचलेल्या मूलभूत विभागाला जिथं आसरा मिळाला, त्या जॉन इन्सच्या बियाणे पेढीत शेव्हॅलियरचे थोडे दाणे पडून होते. ख्रिस राइडआउट नावाच्या शास्त्रज्ञानं ते पेरले, वाढवले आणि २०१० च्या दशकात त्या जवाची बिअर पुन्हा झाली. जॉन अँड्र्यूजच्या बुटातला जव परत शेतात आला, तो कुणी विकत घेतला म्हणून नव्हे, तर कुणीतरी शीतगृहात थोडं बी ठेवण्याचा खर्च करत राहिलं म्हणून.

एवढं सगळं वाचून मी अण्णांना फोन केला. मालदांडी ३५-१ हाही कधीकाळी नवाच वाण होता. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर, आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, गावरान मालदांडीतून निवडून काढलेला. म्हणजे ऑटरपेक्षा तीसेक वर्षांनी मोठा. त्यानंतर कितीतरी जास्त उताऱ्याचे वाण आले, तरी मंगळवेढा-सोलापूरकडे भाकरीसाठी लोक मालदांडीच मागतात, आणि कडब्यासाठी जनावरंही. मी अण्णांना विचारलं, बियाणं कुठून आणता?

"आणतोय कशाला? घरचंच की."

"पण निवडता कसं?"

फोनवर जरा वेळ शांतता. अशा प्रश्नाची त्यांना सवय नव्हती. मग म्हणाले, पूर्वी आजी निवडायची. काढणीच्या आधी रानात फिरून कणसं बघायची. गच्च, पांढरीशुभ्र, टपोऱ्या मोत्यासारखी. बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसलं तर कितीही मोठं असलं तरी बियाण्याला घ्यायची नाही. निवडलेली कणसं बांधून आढ्याला टांगायची. ती गेल्यापासून? "मशीनवर करतोय, खळ्यावरचं चांगलं पोतं बाजूला ठेवतोय."

किती वर्षं झाली, मी विचारलं. आजी जाऊन चौदा वर्षं झालीत, हे मला माहीत होतं. तरी विचारलं.

मग धाकट्याशी बोललो. त्याचं म्हणणं होतं की आपली मालदांडी आता पूर्वीसारखी येतच नाही, कणसं लहान-मोठी, कुठं उंच कुठं बुटकी, मग उतारा कसा मिळणार? मी त्याला वाद घालू दिला. तो खोटं बोलत नव्हता. शेवटी असं ठरलं, की चार एकरांपैकी दोनात वसुधा आणि दोनात मालदांडी, पण मालदांडीचं प्रमाणित बियाणं नवीन आणायचं. आणि काढणीआधी अण्णांनी रानात फिरून दोनशे कणसं स्वतः निवडायची. शेजाऱ्याची ज्वारी बांधाला लागूनच आहे, म्हणून त्या बाजूच्या ओळी सोडून. हे शेवटचं वाक्य मी घातलं. ज्वारीत शेजारचा पराग जवापेक्षा बराच जास्त येतो, हे आता मलाही कळलं होतं.

फेब्रुवारीत अण्णांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. आढ्याला कणसं टांगलेली, फोटो जरा हललेला. खाली टाइप केलं होतं, "१८६ झाली. बाकी मनासारखी मिळाली नाहीत."